दत्ताच्या पायाशी चार कुत्रे

वणीच्या बाजारात कुलपांच्या दुकानावर एक कुत्रा बसलेला असायचा, आणि त्या कुत्र्याने माझी ऐन उमेदीची वर्षं नासवली. कुत्रा रंगवलेला होता. दुकानाच्या लांबलचक पाटीवर एका टोकाला भलंमोठं पितळी कुलूप आणि त्याच्याशेजारी पुढचे पाय रोवून बसलेला काळा कुत्रा, एवढंच चित्र. पण बाजाराला आलेली माणसं कुलूप घ्यायचं नसलं तरी तिथे थांबायची. गल्लीतली खरी कुत्री पाटीखाली येऊन वर बघत गुरगुरतात, असंही दुकानदार सांगायचा. मी तसं कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कबूल केलं नसतं.

आम्ही वणीचेच चितारी. रंगकाम हाच आमच्या घराचा पिढीजात धंदा. पोळ्याचे लाकडी बैल, पाळणे, गणपती, लग्नघराच्या भिंती, देवळातले मारुती आणि दत्त. बाबांचा हात सगळ्या तालुक्यात नावाजलेला होता. डोळे अधू व्हायला लागले तसा त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला, पण पारखायचं काम स्वतःकडेच ठेवलं. माझं काम संपलं की ते भिंतीला नाक टेकेल इतके जवळ जायचे, वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "झालं." चांगलं झालं नाही, वाईट झालं नाही, नुसतं झालं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी त्या एका शब्दापुढे बाबा गेले नाहीत. मीही मनाची समजूत घालून घेतली होती की त्यांचा स्वभावच तसा आहे, त्यांना कौतुक करता येत नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी मी त्यांना चष्म्यासाठी वणीच्या मोठ्या रस्त्याने घेऊन चाललो होतो. कुलपाच्या दुकानापाशी ते थांबले. दुकानदाराकडे स्टूल मागितलं. या वयात स्टुलावर चढू नका म्हणून मी हात धरला, तर तो झिडकारला. वर चढून त्यांनी पाटीला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. खाली उतरले ते दुकानदाराशी बोलले, माझ्याशी नाही.

"हा कुत्रा मालकाले वळखते," ते म्हणाले.

त्यांना कौतुक करता येत होतं. अगदी नीट येत होतं. चष्म्याच्या दुकानात ते काय वाचत होते आणि काय नव्हते याकडे मग माझं लक्षच नव्हतं.

तो कुत्रा काढणारा राजूरचा, माझ्याच वयाचा. खाणीत कोळशाच्या डब्यांवर नंबर घालायचा, धोक्याच्या पाट्या लिहायचा आणि वेळ मिळेल तेव्हा बाजारातली कामं घ्यायचा. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्म घेतला, गावकीची कामं टाकली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि गाव सोडून सगळे खाणीवर आले. त्याच्या बापाने कधी ब्रश धरला नव्हता, आज्याने तर रंगाचा डबाही उघडलेला पाहिला नसेल. मला सगळ्यात जास्त खुपत होतं ते हेच. आमच्या घरात एवढ्या पिढ्यांनी घोटून घोटून साठवलेलं जे काही होतं, ते आमच्या दाराला वळसा घालून खाणीतल्या चाळीत जाऊन उतरलं होतं. रांगेत आम्ही उभे, आणि वाढलं मात्र त्याला.

त्यानंतर मुकुटबनच्या एका पाटलांचा निरोप आला. कापसाचे मोठे शेतकरी. त्यांनी वाड्यालगत दत्ताचं छोटं देऊळ बांधलं होतं आणि मागच्या भिंतीवर मोठं चित्र हवं होतं: तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्रे. मी आनंदाने गेलो. तिथे गेल्यावर कळलं की पाटील आधी राजूरला जाऊन आले होते. कुलपाच्या दुकानावरचा कुत्रा त्यांनीही पाहिला होता. पाटलांनी देवळाच्या कामाला त्याला विचारावं यावरून गावात कुजबुज झाली, पण पाटील हट्टाचे होते. नकार आला तो त्याच्याकडून. घरातले देव आम्ही नदीत सोडले, आता दुसऱ्याच्या भिंतीवर काढत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. वर हेही सांगितलं की कुत्रे म्हणाल तर चारच्या जागी चाळीस काढून देतो, देव तेवढा बाजूला ठेवा.

म्हणजे मला मिळालं होतं ते त्याने नको म्हटलेलं. पाटील हे इतक्या सहज बोलून गेले की त्यात मला लागण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी म्हणाले, "पेंटर, देव तुमच्या पद्धतीनं काढा, पन कुत्रे मले तसे पाह्यजे. कुलपाच्या दुकानासारखे."

मी मान डोलावली आणि मनात ठरवलं की असे कुत्रे काढीन की तो राजूरवाला पाहायला येईल.

दत्ताची मूर्ती मला अवघड नव्हती. बाबांचा खाका होता. खाका म्हणजे चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडलेला मोठा कागद. तो भिंतीला धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, की भिंतीवर ठिपक्यांनी देव उमटतो. ठिपके जोडायचे, रंग भरायचा. आमच्या घरातले सगळे दत्त त्या एका कागदातून निघालेले. कुत्र्यांचा मात्र खाका नव्हता. बाबा कुत्रे हातानेच काढायचे, पायाशी चार लांबट पांढरे आकार आणि त्यांवर दोनचार डाग. लोक देवाकडे बघतात, कुत्र्यांकडे कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी मनापासून बसलो. पांढरी पाठ, काळे पाय, कपाळावर एक गोल टिकला, मानेखाली जरा सैल कातडी. एक कुत्रा कथ्थी केला आणि त्याला छान चकचकीत काळं नाक दिलं. दुपारी पाटलांच्या घरी राबणारी एक बाई चहा घेऊन आली. कप ठेवला आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली.

"कुत्रे कवा काढता?" तिने विचारलं.

मी म्हणालो, हे काय, काढले की.

ती पदर तोंडाला लावून हसली. "हे तं गोऱ्हे हाय. पाय काळे अन् पाठ पांढरी, असा कुत्रा कोनाच्या दारात हाय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. ती गेल्यावर मी भिंतीपासून लांब जाऊन पाहिलं आणि तिचं म्हणणं खरं निघालं. जन्मभर पोळ्याचे बैल रंगवले होते. हात कुत्र्याचा आकार काढत होता आणि अंगावर बैलाचा रंग चढवत होता. आमच्या घरातल्या कोणाही चिताऱ्याने हेच केलं असतं, बाबांनीही केलंच होतं. फरक इतकाच की त्यांच्या कुत्र्यांकडे कोणी पाहत नव्हतं आणि माझ्या कुत्र्यांकडे पाटील रोज संध्याकाळी येऊन पाहणार होते. मी चारही कुत्र्यांवर चुना मारला.

दुसऱ्या दिवशी मी राजूरला गेलो. का गेलो, तर दुसरा रस्ता नव्हता. वाटेत बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की नुसतं बघून येऊ, विचारायचं काही नाही.

राजूरला एकीकडे कोळशाची खाण आणि दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. तिथली निम्मी कुत्री कोळशाने काळी आणि निम्मी चुन्याने पांढरी. तो नळाशी उकिडवा बसून एका कुत्रीला आंघोळ घालत होता. साबण लावून, कान चोळून, पोटच्या लेकराला घालावी तशी. मी कोण हे सांगितलं तर म्हणाला, तुमच्या बाबांचा मारुती मी पाहिलाय, मुठीची बोटं काय काढली आहेत. मग दुसरं काही न विचारता त्याने एक ओलं पिल्लू माझ्या हातात दिलं. धुतल्याशिवाय इथे रंग कळत नाही, असं सांगितलं. पिल्लाने अंग झाडलं आणि माझा सदरा गेला.

मुकुटबनचं काम मला मिळालंय हे त्याला माहीत होतं. कुत्रे जमत नाहीत हे मला सांगावं लागलं. ते वाक्य तोंडातून बाहेर काढताना मला काय वाटलं ते माझं मला ठाऊक. तो हसला नाही. हसला असता तर मी उठून निघून आलो असतो आणि बरं झालं असतं. त्याने ओल्या कुत्रीच्या कण्यावर बोट ठेवलं.

"रंग इथून सोडला असं समजा," तो म्हणाला. "पाठीवरून खाली वाह्यते. पायाच्या बोटापावतर, छातीच्या मधात, शेपटीच्या शेंड्यावर, तोंडाच्या टोकावर पोचता पोचता पुरला तं पुरला. नाही पुरला तं तिथी पांढरं राह्यते. पाठ पांढरी अन् पाय काळे, असं कसं होईन?"

मी त्या नळाभोवतीची कुत्री पाहत गेलो. कोणाची नुसती नखांजवळची बोटं पांढरी, कोणाचे मोजे घातल्यासारखे पाय आणि छाती पांढरी, एक जवळजवळ सगळा पांढरा, पण त्याच्या कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी रंग शिल्लक. सगळीकडे तो म्हणाला तसंच होतं. मी जन्मापासून कुत्र्यांमध्ये वावरत होतो आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. आमच्या घराण्याचा रंगही असाच वरून वाहत आला असावा आणि माझ्यापर्यंत पोचता पोचता संपला असावा, असं मनात आलं आणि तोंड कडू झालं.

मी कथ्थी कुत्र्याच्या काळ्या नाकाबद्दल विचारलं. त्याने कथ्थी पिल्लाचं थोबाड माझ्यासमोर धरलं. नाक कथ्थी, डोळ्यांच्या कडा कथ्थी, डोळे मधासारखे फिके. याच्याजवळ काळा रंग मुळी आलाच नाही, मग नाकाला कुठून लावणार, असं त्याचं म्हणणं. आणि पिवळ्या कुत्र्याचं नाक काळं कसं, असं मी अडवलं. मला वाटलं, आता सापडला. तर तो म्हणाला, पिवळ्याजवळ काळा आहे, त्याने तो नाकापुरता ठेवला. काळ्या कुत्र्याच्या भुवयांवरचे तांबूस ठिपके, ज्यामुळे लोक त्याला चार डोळ्यांचा म्हणतात, तेही जागा सोडून फिरत नाहीत. भुवईवर, गालावर, छातीवर दोन, पायांवर आणि शेपटीखाली. यातली एक जागा असली की बाकीच्या शोधायच्या, त्या असतातच.

मग आंघोळ घातलेली ती कुत्री काळी होती, तिची पिल्लं त्याने दाखवली. त्यात एक पिवळंधमक. बाप पिवळा असणार, असं मी म्हटलं. बापही काळाच, तो म्हणाला, समोरच्या भट्टीवर असतो. या कुत्रीची आई पिवळी होती.

"काळ्याच्या पोटात पिवळा दडून राह्यते," तो म्हणाला. "दोघायच्या पोटात असला का निंघते एखांद्यात. पन दोन पिवळ्यायच्या पोटी काळं पिल्लू, मी तरी नाही पाह्यलं."

हे सगळं त्याला कोणी शिकवलं, असं मी जरा खवचटपणेच विचारलं. तो म्हणाला, आमच्या वाट्याला मेलेली ढोरं होती, तेव्हा कुत्री आमच्याभोवती बसलेली असायची. लहानपणी दुसरं बघायला काय होतं. ते काम सोडलं, पण कुत्री अजून दारात येतात, त्यांना कोण सांगणार आम्ही सोडलं म्हणून. आपलं चित्र चांगलं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं आणि तो ते लपवतही नव्हता. कुलपाच्या पाटीचा विषय निघाला तर म्हणाला, असा कुत्रा यवतमाळपर्यंत कोणी काढून दाखवावा.

त्याने हातचं काही राखलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चार गोष्टी चुकीच्या सांगितल्या असत्या तर त्याहून बरं. पण तो सांगतच राहिला, चहा पाजला, बसपर्यंत सोडायला आला आणि वाटेत दिसेल त्या कुत्र्याकडे बोट दाखवून विचारत राहिला, सांगा, याचं नाक कसलं असेल. मी बरोबर उत्तरं देत होतो आणि मनात चरफडत होतो. माणसाचा हेवा करायचा तर तो निदान वाईट तरी असावा. याने तीही सोय ठेवली नव्हती.

मुकुटबनला परत आल्यावर मी घाईने ब्रश उचलला नाही. एकेक कुत्रा आधी दारोदार शोधला. काळा, चार डोळ्यांचा, छातीवर पांढरा ठिपका असलेला मिळाला पाटलांच्याच गोठ्यात. कथ्थी आणि पिवळा गावात होते. चौथ्यासाठी मी कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर गेलो. तिथे शिकारीची कुत्री असतात, त्यातला एक पट्टेरी होता, तांबूस अंगावर काळे पट्टे. राजूरला पट्टेरी कुत्रा नव्हता, म्हणजे याच्याबद्दल त्याने मला काहीही सांगितलेलं नव्हतं. मी सकाळी जाऊन दगडावर बसायचो आणि पाहायचो. म्हातारा मालक विचारायचा, इकत घ्यायचा हाय का. मी म्हणायचो, नुसता बघतो. पट्टे पाठीपासून पोटाकडे उतरत होते, बरगड्यांवरून किंचित मागे कलत होते आणि जिथे तोंड काळं होतं तिथे दिसतच नव्हते. हे मी माझ्या डोळ्यांनी शोधलं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

तांबडी हिरमुजी, पिवळी पेवडी आणि काळी काजळी यांचे कितीतरी मेळ करून मी ते पट्टे ओढले. पट्टेरी कुत्रा मी दत्ताच्या डाव्या पायाशी, जरा मान वळवून बसवला. चहावाली बाई आली तेव्हा ती हसली नाही. कप खाली ठेवायला विसरली. पिवळ्याकडे बघून म्हणाली, हा तर आमच्या घराजवळचा. पाटील रोज पाहुण्यांना आणून दाखवायला लागले आणि प्रत्येकाला सांगायला लागले की कुलपाच्या दुकानापेक्षा सरस आहेत. हे ऐकून मी खूश व्हायला हवं होतं. पण पाटलांचा शब्द मला नकोच होता. मला दुसऱ्याच माणसाचा शब्द हवा होता.

काम पुरं झालं तसं मी वणीला जाऊन बाबांना घेऊन आलो. बसमध्ये ते खिडकीशी बसले, मी त्यांच्या बाजूला. कुत्र्यांबद्दल मी काही बोललो नाही. राजूरलाही जाऊन आलो होतो हे सांगितलं नाही. मनात मात्र सारखं तेच. स्टूल मागतील का. नाक लावतील का. माझ्याशी नाही, पाटलांशी बोलले तरी चालेल.

देवळात गेल्यावर त्यांनी देवाला हात जोडले आणि दत्ताच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, आपलंच हस्ताक्षर ओळखावं तशी. मग खाली बसले. चक्क जमिनीवर मांडी घालून बसले आणि कुत्र्यांपाशी तोंड नेलं. काळ्याच्या भुवया पाहिल्या. कथ्थीच्या नाकाजवळ नाक नेलं. पिवळ्याच्या पांढऱ्या बोटांवरून, न टेकवता, आपलं बोट फिरवलं. बाबांना एवढा वेळ माझ्या कामापुढे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वय काय माझं, आणि उभा होतो निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा.

"त्याले बलावलं होतं का तू?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही. मीच काढले. सगळे मीच काढले.

ते मान हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देव माया खाक्यातला. कुत्रे त्याच्या नजरेतले. मंग याच्यात तुयं काय हाय?"

ते रागाने बोलले नव्हते. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण एवढं विचारून ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि शोधायला लागले. अधू डोळे बारीक करून, एका टोकापासून, सावकाश. माझं काय आहे ते.

राजूरवाल्याचा मला इतका हेवा कधीच वाटला नव्हता. त्याच्या कुत्र्यासाठी नाही. त्याच्या पाटीपुढे बसून त्याचं काय आणि दुसऱ्याचं काय असं कोणी निवडलं नसतं. जे होतं ते सगळं त्याचंच होतं, देव काढायला दिलेला नकारसुद्धा.

पट्टेरी कुत्र्याकडे बोट दाखवून मला सांगता आलं असतं. हात उचललाही होता. पण सांगून दाखवलेलं मला नको होतं, मला ते त्यांना सापडायला हवं होतं. बाबांची नजर सरकत सरकत दत्ताच्या डाव्या पायाशी आली. नजर पट्ट्यांवरून गेली, तिथे क्षणभरही थांबली नाही, आणि पुढे मागच्या गाईकडे वळली.

"चला बाबा," मी म्हणालो, "बस निघून जाईल."